झाकलेला पेला

१

टेडाच्या गुत्त्याला आग लागली याचं वेस्टरझीलमध्ये कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बोर्डावर काहीतरी वेगळं, भारदस्त नाव होतं, पण गावाच्या तोंडी टेडाचा गुत्ताच. दार लावून आत बसून खुशाल सिगारेट ओढायला नगरपालिकेची मुभा असलेली गावातली ती शेवटची जागा. एकच खोली, तीही लहान, गरम जेवण नाही, अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, म्हणून ही सवलत. मंगळवारच्या सभेत ती काढून घ्यायचा ठराव येणार होता, आणि रविवारी संध्याकाळी आग लागली. बंदीवाले म्हणाले, आम्ही कधीपासून ओरडतोय. धूरवाल्यांनी तोंड उघडलं नाही, कारण आग विझवायला धावलेली टेडाची बहीण गेशे धूर छातीत भरून इस्पितळात पडली होती.

सोमवारी सकाळी नगरपालिकेची तपासणी अधिकारी वीबके मानिंगा आली, तेव्हा टेडा दारातच हाताची घडी घालून उभी होती.

"या बाईसाहेब. झालं का तुमचं समाधान?"

वीबके नाकाला रुमाल लावून आत शिरली. तिला या जागेचा मनस्वी राग होता आणि तो तिनं कधी लपवला नव्हता. तिचा बाप कॉर्नेलिउस याच भिंतींमध्ये बसून ओढत राहिला आणि शेवटी श्वासासाठी तडफडत मेला. मंगळवारचा ठराव सभेत मांडणार होते नगरपालिकेच्या समितीचे अध्यक्ष, पण त्यातला शब्द न् शब्द वीबकेनं लिहिला होता. सहा वर्षं ती त्याच्यासाठी झगडत होती.

बसायची खोली धुरानं काळवंडली होती, पण जळली नव्हती. मागच्या बोळात मात्र डावीकडचं शौचालय तेवढं वाचलं होतं. उजवीकडची, मागच्या अंगणात उघडणारी कोठीची खोली आणि तिच्या दाराशेजारी कोट अडकवायच्या खुंट्या यांचा नुसता कोळसा झाला होता. आग कोठीतल्या रद्दीच्या खोक्यात सुरू झाली, कुणीतरी जळतं थोटूक त्यात टाकलं, असं बंबवाल्यांनी सांगितलं. आणि तो कुणीतरी कोण, हे पोलिसानं तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं होतं. गाळ काढायच्या बोटीवर जन्म घालवलेला म्हातारा हाबो. सिगारेट बोटांत धरूनच तो बोळाकडे गेला होता, आग लागायच्या थोडं आधी. हल्ली त्याला काही धड आठवत नाही हे गावाला ठाऊक होतं. दार चुकला असेल, असं सगळे म्हणत होते.

"तुला काय वाटतं?" वीबकेनं विचारलं.

"मला वाटून उपयोग काय? गाव म्हणतंय ना." टेडाचा आवाज फाटला. मग तिनं मुद्दाम तो चढवला. "आणि त्या पेल्यांना हात लावू नको. पोलिसानं तसंच ठेवायला सांगितलंय. माझ्याकडे पेले असे पडून राहत नाहीत. ॲशट्रे थंड झाला की पेला उचलायचा, गरम असला की माणूस परत येणार. माझ्या सासूपासून हाच नियम आहे."

वीबकेनं टेबलं पाहिली. पत्त्यांचा डाव अर्धवट पडला होता. प्रत्येक टेबलावर ॲशट्रे, त्याच्या कडेला उघडे पेले. खिडकीजवळच्या टेबलावर एक चिमुकला दारूचा पेला होता, पाइपची राख होती आणि बिनअल्कोहोलच्या बिअरचा उंच पेला होता, अर्धा भरलेला. एरवी पेल्याखाली असते ती पुठ्ठ्याची चकती त्यावर नीट मधोमध ठेवली होती.

कुणी नाजूक गृहस्थ दिसतात, बिअरमध्ये राख नको झाली, असं तिच्या मनात आलं आणि ती पुढे गेली.

२

हाबोच्या स्वयंपाकघरात तंबाखूचा वासच नव्हता. वीबकेला ते दारातच जाणवलं. तंबाखूचा पत्र्याचा डबा फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवला होता. म्हातारा चहाचं आधण ठेवत होता.

"बस, कॉर्नेलिउसच्या पोरी. ओरडायचं असलं तर चहा घेऊन ओरड."

त्यानं कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वर कडक चहा ओतला, खडा तडकल्याचा आवाज ऐकला आणि मग कडेनं साय सोडली. एवढं सगळं बिनचूक करणाऱ्या माणसाला दार कसं चुकलं, असा प्रश्न वीबकेच्या मनात येऊन गेला. पण तिला त्याच्याबद्दल माया वाटायचं कारण नव्हतं. बापाला पहिली सिगारेट यानंच दिली होती, आणि ते तो मिरवून सांगायचा.

तिनं रविवारचं विचारलं. हाबोनं कपात बघत सांगितलं, की तो बोळात गेला हे त्याला आठवतं. परत येऊन पत्ते उचलल्याचंही आठवतं. मधलं काही आठवत नाही. सिगारेट कुठं गेली, आठवत नाही. कोठीत गेल्याचं तर अजिबात आठवत नाही.

"म्हणजे तू गेला नसशील."

"नाहीतर गेलो असेन आणि डोक्यातून पुसलं गेलं असेल." त्यानं प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "गेल्या महिन्यात मला बहिणीचं नाव आठवेना, वीबके. अर्धा तास. तसंच हे. गेशेला मी जाळली आणि मला त्याचा पत्ताही नाही. उद्या तीन वाजता पोलिसाकडे जाऊन सही करतोय. मग त्या वृद्धाश्रमात जाईन, तिथं काडेपेट्या काढून घेतात म्हणे. बरंच आहे."

वीबकेला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. ती उठली. दारामागे एक कोट लटकत होता, उंची लोकरीचा, गडद निळा, हाबोच्या अंगावर कधी न शोभणारा.

हा एन्नोचा, हाबोनं सांगितलं. एन्नो हार्बर्ट्स, ठराव मांडणारे समितीचे अध्यक्ष. आग लागल्यावर सगळे होते तसे बाहेर पळाले. बाहेर फेब्रुवारीचं समुद्रावरचं वारं. एन्नोनं अंगातला कोट काढून हाबोच्या खांद्यावर टाकला. पेपरात फोटोही आला होता: विरोधकाला ऊब देणारा नेता.

"भला माणूस. संध्याकाळभर आम्ही त्याची टिंगल केली, तरी बघ. एवढा परत नेऊन दे. माझा कोट तर गेला. सगळ्यांचेच गेले, खुंट्यांसकट."

वीबकेनं कोट हातात घेतला. त्याला पेपरमिंटचा वास होता. जळकट वास मात्र जराही नव्हता. ती पायरी उतरली आणि थांबली. सगळ्यांचे कोट खुंट्यांवर जळाले, मग हा एवढा एन्नोच्या अंगात कसा होता?

३

फोल्कर्ट तंबाखूची टपरी चालवायचा आणि वीबकेला येताना पाहताच तो पाटी फिरवून टपरी बंद करायचा. या वेळी त्याला तेवढी सवड मिळाली नाही. ठरावात त्याच्याही पोटावर पाय होता: शाळेसमोरचं सिगारेटचं यंत्र काढायचं. टेडाशीही त्याचं वाजलं होतं, कारण तिनं आपल्या भिंतीवरून त्याचं यंत्र हटवलं होतं. एवढी कारणं असलेला माणूस आग लावू शकेल असं वीबकेला वाटलं असतं, पण तो सबंध संध्याकाळ हातात पत्ते धरून बसला होता आणि चार जण त्याला शिव्या देत त्याची साक्ष देत होते. जिंकत होता ना.

"खिडकीकडे कोण होतं?" तिनं विचारलं.

"तुमचा साहेब आणि रेम्ट. आम्हाला सुधारायला आले होते." फोल्कर्ट हसला. "टेडानं एन्नोसमोर मुद्दाम ॲशट्रे ठेवला. हाबो म्हणाला, घे की एखादी, कुणाला सांगत नाही. लाल झाला होता नुसता. दोन वर्षांपूर्वी छाती चिरून घेतली, सिगारेट सोडली आणि तेव्हापासून आमच्या छातीची काळजी."

"तो जागेवरून उठला होता?"

"आमच्या पाठी होत्या त्याच्याकडे. मुद्दाम केल्या होत्या."

रेम्ट हा गुत्त्याच्या इमारतीचा मालक. तिथं सुट्टीला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधायच्या म्हणून टेडाला बाहेर काढायला तो टपलेला, हे उघड गुपित होतं. त्यानं वीबकेला घरात घेतलं नाही, उंबऱ्यावरच पाइप ओढत उत्तरं दिली. आग लागून त्याचं नुकसानच झालं, विमावाले आता अंगावर येतील, आणि तो खिडकीजवळून हलला नाही. एन्नोही हलला नाही. दोघं सबंध वेळ समोरासमोर होते.

"सबंध वेळ?"

"सबंध."

"मग त्यांच्या अंगात कोट कसा?"

पाइप तोंडातून निघाला. "थंडी वाजत असेल."

"त्या खोलीत? तुम्ही शर्टाच्या बाह्या वर करून बसला होता. फोटोत दिसतं."

रेम्टनं पाइपमधली राख उंबऱ्यावर झाडली. "बाई, माझ्या खोल्यांचा अर्ज एन्नोच्या समितीपुढे आहे आणि तुमची नोकरीही. तेव्हा आपण दोघांनी एन्नोला त्रास देऊ नये." आणि त्यानं दार लावलं.

वीबके रस्त्यावर उभी राहून विचार करत राहिली. कोट अंगात म्हणजे माणूस बाहेर निघाला होता. बोळातून, कोठीतून, मागच्या अंगणाकडे. पुढच्या दारानं गेला असता तर सगळ्यांना दिसला असता; न दिसता निघायची ही एकच वाट. पण तो घरी जायला निघाला असेल तर मागच्या दारानं कशाला जाईल? आणि नुसता घरीच निघाला असेल तर लपवतो कशाला? पुढचा विचार मनात आला तशी तिनं तो झटकला. एन्नो हार्बर्ट्सनं मुद्दाम आग लावली, हे तिला मानवेना. तिच्या सहा वर्षांच्या लढाईत अखेर खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला तो एकटाच माणूस होता.

४

मंगळवारी दुपारी त्यानंच तिला हॉटेलात बोलावलं, संध्याकाळच्या भाषणाची उजळणी करायला. चौकातल्या या हॉटेलात धूर औषधालाही नव्हता. पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येक पेल्याखाली हॉटेलच्या नावाची चकती. एन्नोनं बिनअल्कोहोलची बिअर मागवली, तोंडात पेपरमिंट टाकली आणि म्हणाला, की गेशेचं नाव भाषणात घ्यायला हवं. लोकांना उदाहरण लागतं.

"आणि हाबोचं?"

"हाबोला कुणी दोष देणार नाही. मी म्हणेन, दोष सवयीचा आहे."

वीबकेनं त्याचा निळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यानं आभार मानले. तिनं विचारलं, तुम्ही रविवारी टेबलावरून उठला होता का? नाही. रेम्टशी काय बोलत होता? खोल्यांचं, हवापाण्याचं. टेडानं तुमच्यासमोर ॲशट्रे ठेवला तेव्हा राग आला? एन्नो हसला, पण त्याची बोटं टेबलक्लॉथची कड चुरगाळत होती. तीन वाजायला पाऊण तास होता. तिकडे हाबो धुतलेला शर्ट घालत असेल. तिनं आणखी विचारलं, पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि त्याची कानशिलं तापत गेली.

"एक फोन करून येतो," तो अखेर म्हणाला.

तो उठला. एका हातानं कोट घेतला. दुसऱ्या हातानं, तिकडे न बघता, पेल्याखालची चकती काढली आणि पेल्यावर ठेवली. बरोबर मधोमध.

वीबके त्या पेल्याकडे बघत राहिली. ही खूण तिनं हजारदा पाहिली होती. धूम्रपान बंद झाल्यापासून गावातल्या प्रत्येक बारमध्ये हीच रीत होती. ओढायला बाहेर जाताना पेल्यावर चकती ठेवायची, म्हणजे वेट्रेसला कळतं, हा येणार आहे, उचलू नको. प्रत्येक बारमध्ये, फक्त टेडाकडे नाही. तिथं कुणाला बाहेर जावंच लागत नाही, म्हणून तिथं ही रीत रुजलीच नाही. तिथं ॲशट्रेवरून ओळखतात.

कोट सांगत होता, माणूस बाहेर निघाला. चकती सांगत होती, तो परत येणार होता. बाहेर जाऊन लगेच परत यायचं, असं एकच काम असतं. आणि ओढायला मोकळीक असलेल्या गावातल्या एकमेव खोलीतून ओढण्यासाठी बाहेर कोण जाईल? ज्याला कुणाला दिसून चालणार नव्हतं, तोच.

ती स्वयंपाकघराच्या वाटेनं मागे गेली. एन्नो कचऱ्याच्या डब्यांमागे भिंतीला टेकून उभा होता. कॉलर वर केलेली, सिगारेट तळहाताच्या आत लपवलेली, शाळेतली पोरं धरतात तशी.

"मागच्या अंगणात वारं फार होतं का?" वीबकेनं विचारलं. "म्हणून कोठीतच ओढली?"

त्यानं सिगारेट पायाखाली चिरडली. नाकारायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

"काडीच पेटेना बाहेर," तो म्हणाला. "दाराच्या आत उभा राहिलो. दोन झुरके. मग बोळात कुणीतरी आलं. हाबो होता, शौचालयात शिरला. मी घाबरलो. हातातलं टाकलं कुठंतरी आणि पुढं जाऊन बसलो. मला वाटलं, विझलं असेल."

"आणि विझलं नाही, हे कळल्यावर?"

"कळलं तेव्हा सगळे हाबोचं नाव घेत होते. मी घ्यायला लावलं नाही."

"तुमच्यासमोर ॲशट्रे होता, एन्नो. तिथं बसून ओढली असती तर काही झालं नसतं."

"त्यांच्यासमोर?" तो प्रथमच संतापला. "त्यांनी मला आयुष्यभर हसत राहायचं?"

मग तो शांत झाला, आणि ते जास्त वाईट होतं. त्यानं समजावून सांगितलं. हाबोचं वय बघून त्याला कुणी तुरुंगात टाकणार नाही. म्हाताऱ्याला तसंही आता सांभाळणारं कुणीतरी हवंच. पण हे बाहेर आलं तर ठराव मेला, आणि पुन्हा पाच-दहा वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही. तेवढ्यात किती माणसं मरतील?

"तुझ्या बापाचा तरी विचार कर, वीबके."

तेवढं त्यानं बोलायला नको होतं.

"माझा बाप ओढायचा तो सगळ्यांसमोर ओढायचा," ती म्हणाली आणि चालू लागली. हॉटेलच्या घड्याळात तीनला फार कमी वेळ राहिला होता, आणि पोलीस चौकी धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

५

हाबोच्या हातात पेन होतं. चौकीतल्या पोलिसानं त्याला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवत होता. वीबके धापा टाकत आत आली आणि तिनं पेन काढूनच घेतलं.

"तू कोठीत गेला नाहीस. एन्नो होता. त्यानं तुला शौचालयात शिरताना पाहिलं. दार तू चुकला नाहीस."

 हाबोला एन्नोचं काही पडलं नव्हतं. तो वेगळाच हिशेब लावत होता.

"म्हणजे मला आठवत नव्हतं," तो सावकाश म्हणाला, "कारण तसं घडलंच नव्हतं."

"हो."

मग तो रडला. तोंड लपवलं नाही, आवाजही आवरला नाही. पोलिसानं खिडकीबाहेर पाहिलं. वीबकेला कुठं पाहावं कळेना, म्हणून ती पेनाचं टोपण लावत राहिली.

संध्याकाळी सभेत तिनं सगळं सांगितलं. एन्नोनं राजीनामा दिला, रेम्टनं आपण मुळी एन्नोकडे बघतच नव्हतो असं म्हटलं, आणि ठराव चर्चेविना बारगळला. बंदीवाल्यांनी वीबकेला घरभेदी ठरवलं. जिंकती बाजू हातची घालवली, तीही एका म्हाताऱ्या फुंक्यासाठी. धूरवाल्यांनी तिला आपली मानलं असंही नाही. त्यांच्या मते ती एन्नोचीच माणूस होती, आतलं भांडण झालं, एवढंच. तिच्या सायकलच्या टोपलीत कुणीतरी ॲशट्रे पालथा केला. त्यातली थोटकं तपासली असती तर दोन्ही बाजूंच्या लोकांचे ब्रँड सापडले असते.

वसंतात गेशे घरी आली, घोगऱ्या आवाजाची, पण चालती-बोलती. टेडानं नवी कोठी बांधून गुत्ता उघडला. पहिल्याच आठवड्यात वीबके तपासणीला गेली. तिनं खोली मोजली, दारावरची पाटी पाहिली, काउंटरमागे तळलेली अंडी दिसली म्हणून टेडाला लेखी ताकीद दिली. मग, का कुणास ठाऊक, तिनं बिअर मागितली आणि बसली. खोलीतलं बोलणं बंद पडलं. जागा फक्त हाबोच्या टेबलाशी होती.

हाबोनं डबा उघडला, सिगारेट वळली, पेटवली. आगीनंतरची त्याची ही पहिलीच असावी, कारण टेडा हातातलं फडकं विसरून त्याच्याकडे बघत होती. त्यानं धूर सोडला तो थेट वीबकेकडे. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा खवखवला. मोकळी हवा हवी होती. उठताना तिनं चकती पेल्यावर ठेवली आणि बाहेर धक्क्यावर जाऊन पाच-सात श्वास घेतले.

परत आली तर टेबल स्वच्छ पुसलेलं. पेला नव्हता.

"अर्धी बिअर होती माझी."

"इथं ती पद्धत नाही," टेडा काउंटरमागून म्हणाली. "इथं ॲशट्रे बघतात. तुझ्यासमोरचा थंड होता."

कुणीतरी खिदळलं. वीबके उभीच राहिली. मग हाबोनं बोट वर करून तिच्यासाठी दुसरी बिअर मागवली, आपल्या नावावर. टेडानं ती आणून आदळली. वीबके बसली, दोन घोट प्याली, पुन्हा खोकली. तिनं दाराकडे पाहिलं, मग पेल्याकडे, आणि या वेळी चकतीला हात लावला नाही.

हाबोनं आपली जळती सिगारेट ॲशट्रेच्या खाचेत ठेवली आणि तो ॲशट्रे सरकवत सरकवत तिच्या पेल्याला भिडवला. धूर सरळ तिच्या नाकाशी गेला.

"जा आता," तो म्हणाला. "पण लवकर ये. ही फार वेळ टिकायची नाही."